दगडाबाईंच्या घरची बाळंतीण

काटेवाडीच्या दगडाबाईंना माणसांचा भारी सोस. दारावरून जाणाऱ्याला चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्यात लेक स्वरूपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, पाचवीही पुजून झालेली, मग काय विचारता! शेजारच्या सारजाबाईंसकट निम्मी आळी बाजेभोवती बसलेली. कुणी बाळाचं नाक निरखतंय, कुणी बाळंतिणीच्या ताटातले अळिवाचे लाडू. दगडाबाई नुसत्या आजीपणाच्या तोऱ्यात होत्या.

छकुली मात्र रडून लालबुंद झाली होती. छातीशी धरली की दोन घोट ओढायची आणि पुन्हा टाहो फोडायची. दवाखान्यातल्या सिस्टरनी अंगावरचंच पाजा म्हणून बजावलं होतं, पण दूधच येईना. "आई, मला दूधच न्हाय गं," म्हणून स्वरूपा रडायला लागली. टाक्यांमुळं तिला धड बसवतही नव्हतं.

"गाईचं पाज की पाणी घालून," सारजाबाई म्हणाल्या.

दगडाबाई चरवी घेऊन गोठ्यात गेल्या. सारजाबाई बडबडत मागोमाग. गाईनं कान टवकारले आणि थेंब सोडीना.

"सारजे, तू जरा भाईर थांब. परकं माणूस दिसलं की ही पान्हा चोरती," दगडाबाई बोलून गेल्या आणि त्यांचे हात सडावरच थांबले. आपण लेकीभोवती सगळी आळी बसवून ठेवलीय, हे त्यांना आत्ता कुठं दिसलं.

चरवी तिथंच ठेवून त्या घरात आल्या. "उठा गं बायांनो. चहा सोप्यात देते, पर हितनं उठा."

बाया फुगून उठल्या. दगडाबाईंनी आपल्या नवऱ्यालाही, म्हणजे सर्जेरावांना, बाहेर काढलं. दार लोटलं, लेकीच्या पाठीला उशी दिली, तिला कोमट दुधात भाकरी कुस्करून चारली आणि समोर बसून टक लावून बघू लागल्या. "आलं का? आता?"

स्वरूपानं मान खाली घातली. "आई, तू बी जा ना जरा."

हे जिव्हारी लागलं. जिला जन्म दिला तिनंच परकं करावं? पण बाई उठल्या. दार ओढून घेऊन बाहेर उंबऱ्याशी बसल्या, पदरानं डोळे पुसले. आत छकुली रडतच होती. दोनदा उठायला झालं, दोन्ही वेळा गुडघे दाबून खाली बसल्या. मग रडणं तुटक झालं. मग थांबलंच, आणि चुटूचुटू ओढल्याचा आवाज येऊ लागला.

सर्जेराव घाबरून धावत आले. "गप का झाली गं? बघू का आत?"

"बसा हितंच," दगडाबाई कुजबुजल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "माझी लेक पाजती हाय."