फील्ड प्रोजेक्टमधली बाई

पडद्यावर माझी आई आली आणि वर्ग हसला.

पाचोडच्या बाजारात बसलेली. पुढ्यात सुकटाची पाटी, डोक्यावर पदर. मोबाईल धरलेल्या मुलीचा आवाज आला, "मावशी, पाळीच्या वेळी तुम्ही काय वापरता?" आई लाजली. पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "लेकीला पॅड आणते की. मला आपलं कापडच बरं."

मागच्या बाकावरून कुणीतरी तिच्याच सुरात म्हणालं, "मला आपलं कापडच बरं." परत हसू. सरसुद्धा हसले. तोंड बाजूला वळवून, पण हसले. मी बघितलं.

ती लेक तिथंच बसली होती. खिडकीजवळ.

व्हिडिओच्या खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ही ग्रामीण स्त्री आहे, निरक्षर आहे, नवीन वस्तू स्वीकारत नाही. माझी आई सातवी शिकलेली आहे. दुकानातला प्रत्येक पुडा ती वाचून घेते. तिला शाळेचं कुणी विचारलंच नव्हतं. सुकटाची पाटी बघितली आणि निरक्षर लिहून टाकलं.

मी उभी राहिले. म्हणाले, "बंद करा. ती माझी आई आहे."

सर म्हणाले, "बस खाली. तुझी आई असेल तर चांगलंच आहे की. एकदम अस्सल सॅम्पल."

सॅम्पल.

हे बीबीएच्या शेवटच्या वर्षातलं. आमच्याकडं फील्ड प्रोजेक्ट सक्तीचा असतो. त्याचे क्रेडिट मिळाले नाहीत तर बाकीच्या सगळ्या पेपरात कितीही मार्क पडू द्या, डिग्री मिळत नाही. इंटर्नल मार्क सरांच्या हातात, तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक. सरांनी ग्रुप पाडले आणि मला ईशाच्या ग्रुपमध्ये टाकलं. ईशाच्या वडिलांची शेंद्र्याला कंपनी आहे. सर म्हणाले, "तू गावाकडची आहेस, ग्रुपला फायदा होईल." ईशा लगेच माझ्या शेजारी येऊन बसली. डबा पुढं केला.

मला तेव्हाच शंका आली होती. दोन वर्षं जिनं माझं नाव नीट घेतलं नाही, ती आज भाजी वाढते. माझ्याशी कुणी अचानक गोड बोलायला लागलं की मी आधी बघते, याला माझ्याकडून काय पाहिजे. हॉस्टेलच्या मुली म्हणतात, तुझा स्वभावच संशयी. असेल. आमच्या घरी हा स्वभाव कुणी हौसेनं लावून घेतलेला नाही.

विषय ठरला, गावातल्या बायका काय विकत घेतात. ग्रुपनं इंग्रजीत काढलेले प्रश्न मी मराठीत करून दिले. पाळीचा प्रश्न बघितल्यावर मी ईशाला सांगितलं, "हा भर बाजारात विचारता येत नाही. आजूबाजूला माणसं असतात." मी तो खोडला. ती म्हणाली, "ओके ओके, काढू."

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी ग्रुपमधले बाकीचे ईशाच्या गाडीनं गेले. ईशा मला म्हणाली, "गाडीत जागा नाही गं. तुझं तर गावच आहे, तू कधीही बघशील." आणि दुसऱ्याच दिवशी प्रेझेंटेशन.

तास संपल्यावर ईशा माझ्यामागं आली. "सॉरी यार. खरंच माहीत नव्हतं, तुझी आई आहे ते."

सॉरी म्हणताना ती भिंतीकडं बघत होती. मी ते लक्षात ठेवलं.

त्या आठवड्यात गावी गेले. आई भाकरी थापत होती. मी काही विचारायच्या आधी तीच सुरू झाली.

"तुझ्या मैतरणी आल्त्या बाजारात. लई गुणाच्या पोरी. मावशी मावशी करीत व्हत्या."

"तू त्यांच्याशी काय बोललीस?"

"आधी नाय बोलले. असलं कुणी बाजारात विचारतं का? मंग त्यांनी कॉलेजचं नाव घेतलं. म्हणलं, माझी लेक बी तिथंच हाय. तुझं नाव सांगितलं. ती गोरी पोरगी हसली, म्हणली आमच्याच ग्रुपात हाय ती. मंग म्हणलं, लेकीचंच काम हाय तर सांगावं. चहा पाजला समद्यांना."

मी चुलीपुढं बसून राहिले. ईशाला माहीत होतं. माझ्या नावानं तिनं आईचं तोंड उघडलं. आई जे बोलली ते माझ्यासाठी बोलली. आणि त्यांनी तेवढंच कापून घेतलं, माझं नाव गाळून.

मी आईला सगळं सांगितलं. वर्ग हसला तेसुद्धा. लपवावंसं वाटलं होतं, पण तिच्याबद्दलची गोष्ट तिच्यापासूनच लपवायची, हे मला जमलं नाही.

तव्यावरची भाकरी करपली. आई म्हणाली, "म्हंजे मी बोलायला नको व्हतं?"

"तू खरं बोललीस. त्यांनी दाखवायला नको होतं."

परत आल्यावर सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले. ईशा तिथंच होती. अहवाल बांधून तयार. मुखपृष्ठावर आईचा फोटो. पहिल्या पानावर लिहिलेलं, हे काम आम्ही सर्वांनी मिळून केलं आहे. खाली सगळ्यांच्या सह्या, माझी जागा रिकामी.

मी म्हणाले, "फोटो काढा. व्हिडिओ पुसा. आईनं माझ्या भरवशावर सांगितलं होतं, वर्गाला दाखवायला नाही. आणि ईशाला माहीत होतं ती कोण आहे."

ईशा म्हणाली, "सर, तिनं स्वतः परवानगी दिली. हसत होती ती."

सर म्हणाले, "संशोधनात आई-मावशी नसते. रिस्पॉन्डंट असतो. भावना बाहेर ठेव आणि सही कर."

"सर, हाच प्रश्न मी ईशाच्या आईला विचारू? शेंद्र्याला, कंपनीच्या गेटवर उभं करून? व्हिडिओ काढू, वर्गात लावू?"

सरांचा चेहरा बदलला. "तोंड सांभाळून बोल. सही नाही तर क्रेडिट नाही. क्रेडिट नाही तर डिग्री नाही. तुमच्या लोकांना सवलती मिळतात म्हणून डोक्यावर बसायचं नसतं."

तुमच्या लोकांना. इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते एकदाचं बाहेर आलं. उलट बरं वाटलं मला. आता शंका उरली नाही.

मी सही केली नाही.

फोनवर आई रडली. "करून टाक सही, माय. मला हसले तर हसू दे. माझं काय झिजतंय त्यानं? तू पास हो."

मी म्हणाले, "नाय करणार." तिनं फोन ठेवला. बरेच दिवस नीट बोलली नाही. सरांना नाही म्हणणं सोपं होतं. आईला नाही म्हणणं नव्हतं.

तोंडी परीक्षेला ग्रुपबरोबर माझंही नाव पुकारलं. बाहेरून आलेले परीक्षक अहवाल चाळत होते. मी म्हणाले, "सर, या अहवालावर माझी सही नाही. मुखपृष्ठावरची बाई माझी आई आहे. तिला फसवून बोलतं केलं."

त्यांनी आमच्या सरांकडं बघितलं. मग अहवाल मिटला. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी चष्मा पुसला आणि ईशाला म्हणाले, "हं, तुम्ही सुरू करा."

निकाल लागला. ईशा आणि बाकीचे वरच्या श्रेणीत. मी फील्ड प्रोजेक्टमध्ये नापास. बाकी सगळे विषय सुटले, डिग्री अडली.

परवा सर जिन्यात भेटले. खांद्यावर हात ठेवल्यासारखं बोलले. "पुढच्या वेळी तुला चांगला ग्रुप देतो. आणि झेपत नसेल तर बाहेरून बीए कर. तुझ्यासाठी तेच सोपं पडेल."

मी गेले तर कुणाला सोपं पडेल, ते मला कळतं.

मी जाणार नाही. प्रोजेक्ट पुन्हा करणार, एकटी. ज्या बाईला प्रश्न विचारीन तिला आधी सांगीन की हे कुठं जाणार, कोण वाचणार. नाही म्हणाली तर उठून येईन. क्रेडिट घेईन, डिग्रीही घेईन. आईला मध्ये घालून नाही.

तो व्हिडिओ अजून कॉलेजच्या कॉम्प्युटरवर आहे. नवीन पोरांना नमुना म्हणून दाखवतात, असं कानावर आलंय. मी प्राचार्यांना लेखी दिलं, विद्यापीठालाही दिलं. उत्तर नाही. म्हणून दर सोमवारी प्राचार्यांच्या दारात जाऊन उभी राहते.

शिपाई म्हणतो, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

मी म्हणते, "थांबते."