एलियाची खुर्ची

थोर माणूस गेला की इतिहासाचं एक पान मिटतं, असं म्हणतात. रूबेन सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या बाजारात वांगी निवडत होतो. पान वगैरे काही मिटलं नाही. पिशवी हातात तशीच घेऊन त्यांच्या घरी गेलो. फाटकाशी 'एका युगाचा अस्त' असा फलक लागत होता... सरांनी तो परत पाठवला असता.

रूबेन सर बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात मुरलेले ज्यू. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. ते इतिहास, मी मराठी. त्यांचे नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले, सर राहिले. का, असं विचारलं तर म्हणायचे, "मसीहा तिकडं येणार म्हणतात. मग इकडचं कोणी बघायला नको का रे?" धर्मग्रंथही ते इतिहासाच्या मास्तरासारखे वाचत. इतरांच्या राजांनी आपले विजय दगडात कोरून घेतले. ज्यूंनी मात्र आपले पराभव लिहून ठेवले आणि दोष स्वतःकडे घेतला, याचं त्यांना फार कौतुक. देवाचा निरोप आणणारे संदेष्टे त्यांच्या मते भविष्य सांगत नव्हते, विधवेचं काय, परक्याचं काय, असा राजाला जाब विचारत होते. येणाऱ्या तारणहाराची, मसीहाची आशा म्हणजे तो जाब अजून मिटलेला नाही, याची आठवण. "देव इतिहास घडवतो म्हटलं, की माणसाला सुट्टी मिळते," असं त्यांचं मत.

शहापूरकडच्या एका पाड्यावर सरांचं जाणं-येणं होतं. धरण डोळ्यांसमोर, पाणी मात्र टँकरनं, तेही आलं तर. जुनी विहीर गाळानं बुजलेली. एक पुढारी दर निवडणुकीला भाषणात नळ आणत असे.

"नळ येल ना सर," सोमी आजी म्हणाली, "शब्द दिलाय तेनी."

"माझ्या लोकांनाबी दिलाय, आजी. हजारो वर्षं झाली. तवर आपण विहीर उपसू."

सगळा उन्हाळा पाडा गाळ उपसत होता, सर टोपली घेऊन रांगेत. पाणी लागलं त्या दिवशी सरांनी मलिदा केला, म्हणजे त्यांच्याकडचा नवस फेडायचा प्रसाद: गोड पोहे, खोबरं, फळं. आणि घरची एक जुनी लाकडी खुर्ची आणून विहिरीशी मांडली. त्यांच्यात मुलाच्या सुंतेला एक खुर्ची एलिया संदेष्ट्यासाठी रिकामी ठेवतात. मसीहाच्या आधी तो येणार. सरांच्या घरात आता मुलं जन्मत नव्हती. विहीर तर जन्मली होती.

पुढारीही हजर झाला, हारासकट, आणि थेट त्या खुर्चीकडे वळला.

"ती नको, साहेब. येणाऱ्याची आहे."

"कोण येणाराय?"

"ते ठाऊक नाय. पण तुमी नाय."

भाषण उभ्यानं झालं, त्यामुळे लवकर संपलं. मी फारशा गोष्टींचा अभिमान बाळगत नाही. त्या दिवशी सरांच्या शेजारी उभा होतो, याचा बाळगतो.

खुर्ची सरांनी परत नेलीच नाही. गेल्या आठवड्यात पाड्यावर गेलो. म्हटलं, त्या रिकाम्या खुर्चीपुढे क्षणभर उभं राहावं... ती रिकामी नव्हती. सोमी आजीनं तिच्यावर भरलेला हंडा ठेवला होता. डोक्यावर घ्यायला उंची बरी पडते, म्हणाली.