हवा पंख सोडते तेव्हा

"मावशी, आई गेली," एवढंच सुषमाची मुलगी फोनवर म्हणाली. महिना होत आला, तरी अजून फोन वाजला की मी आधी नाव बघते, मगच उचलते...

सुषमा सावंत आणि मी अंधेरीतल्या एका छोट्या कारखान्यात वैमानिकाविना उडणारी विमानं बनवायचो. पंखांचं गणित तिचं, वायरिंग माझं. भित्री होती ती, आणि ते लपवायचीही नाही. "मला भीती वाटते ना, म्हणून मी परत मोजते," म्हणायची.

खाडीपलीकडे औषधं पोचवण्यासाठी केलेल्या विमानाची चाचणी मनोरीच्या किनाऱ्यावर होती. पाहुणे जमले होते. पंखाचा आकार मालकांनी घाईघाईत मोठ्या विमानांच्या तक्त्यांवरून उचललेला. सुषमानं वाळूतच बसून रेनॉल्ड्स संख्या पुन्हा काढली. वेग, पंखाची रुंदी आणि हवेचा चिकटपणा यांतून निघणारा हा आकडा सांगतो, की हवा पंखावरून शांत थरांत वाहील की घुसळत जाईल. मोठ्या विमानांचा आकडा कोटींत जातो. आमचा पंख जेमतेम वीतभर रुंद, वेग स्कूटरएवढा.

"लाख-दीड लाखच येतोय गं," ती कुजबुजली. चेहरा पांढरा पडला होता. "उतरताना वेग अजून कमी होणार. एवढ्यावर शांत हवा पंखाला धरून राहत नाही, मध्येच सुटते. मग विमान पडलंच समज."

मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांसमोर वाट लावू नका ना."

"मग निदान त्या कोळणींना तरी उठवा!" सुषमा म्हणाली. विमान उतरायच्या वाटेवर त्या बोंबील वाळत घालत होत्या. कुणीच हललं नाही, तेव्हा सुषमाच ओरडत धावली. बायका कुरकुरत, टोपल्या तिथेच टाकून बाजूला झाल्या.

विमान झकास वर गेलं. टाळ्या पडल्या. सुषमा मात्र डोळे मिटून उभी होती. परतताना त्यानं वळण घेतलं, वेग मंदावला, आणि एक पंख अचानक खाली झुकला... विमान थेट त्या टोपल्यांवर कोसळलं. एक म्हातारी मट्‌कन वाळूत बसली. परतीच्या होडीत सुषमानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की नखांचे वळ उठले.

शेवटचं भेटले ती घाटकोपरच्या हॉस्पिटलमध्ये. रिपोर्ट उशाशी पडले होते. "हे कसं मोजायचं गं?" तिनं विचारलं. मी रिपोर्ट उचलून उशीखाली सरकवले.

कारखान्यात आजही प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेजवळ एक बारीक खडबडीत पट्टी चिकटवतात. त्या अपघातानंतर तिनंच शोधलेला उपाय. पट्टीमुळे हवा मुद्दाम घुसळली जाते, आणि घुसळलेली हवा पंखाला जास्त वेळ धरून राहते. उड्डाणाआधी त्या पट्टीवरून बोट फिरवायची तिची सवय आता मला लागली आहे. कुठे सुटली तर नाही ना, म्हणून मी एकदा बघते... आणि भीती वाटते, म्हणून परत एकदा.