विठ्ठलवाडीचे भित्रे काका

जळक्या लाखेचा, आणि बंद खोलीत कुणी सुकट भाजावी तसा तो वास होता. आजही कुठे वायर तापली की तो माझ्या टाळूला चिकटतो आणि त्याच्यामागून विठ्ठलवाडीचे काका जिना चढत येतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्यांच्याइतका भित्रा माणूस झाला नाही, हे मी पैजेवर सांगेन. आमच्या वाचनालयाची यंत्रं दुरुस्त करणारे हे गृहस्थ लिफ्टला भीत, म्हणून डोंबिवलीतल्या आमच्या चौथ्या मजल्यावर पायी येत. फोन वाजला की आधी नुसते त्याच्याकडे बघत राहत. "जरा निवू दे," म्हणत. घरी कुकरला वाफ धरली की आपण गॅलरीत जाऊन उभे राहतो, हे त्यांनी जराही न लाजता सांगितलं होतं. विजेचं बटण ते बोटाने कधीच दाबत नसत. पिशवीतून लाटणं काढून त्याच्या टोकाने दाबत. पहिल्यांदा मी पाहतच राहिले, तेव्हा त्यांनी घाईने खुलासा केला, "घरी पोळ्यांना दुसरं आहे हं."

आणि त्यांचा डावा हात. तो सदैव विजारीच्या खिशात असे. विजेपाशी काम करताना एकच हात बाहेर ठेवायचा, हा त्यांच्या कारखान्यातला जुना नियम. पण निवृत्तीनंतर काकांनी त्याची व्याप्ती वाढवून तो साऱ्या आयुष्याला लावला होता. एका लग्नात ते एका हाताने अक्षता टाकत होते, तर वरपित्याने हळहळून विचारलं, "केव्हा झाला हो अपघात?" काका म्हणाले, "अजून नाही." मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी आवाज उतरवला. "डाव्या हातातून शिरली की उजव्यातून निघताना वाटेत काळीज लागतं, मॅडम."

आमचं वाचनालय डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्यांसाठी आहे. आम्ही काहीजण पुस्तकं मोठ्याने वाचतो, ते आवाज एका सर्व्हरमध्ये साठतात आणि मुलं ते आपापल्या फोनवर ऐकतात. बारा वर्षांचे आवाज त्या एका काळ्या पेटीत होते. त्यांतले दोन वाचक आता हयात नव्हते. दुसरी प्रत होती, पण तीही आम्ही भाबडेपणाने त्याच पेटीतल्या दुसऱ्या डिस्कवर ठेवली होती. बारावीची परीक्षा आठ दिवसांवर आली असताना एका सकाळी ती पेटी बंद पडलेली आढळली, आणि खोलीभर तो वास. तेवढ्यात ठाकुर्लीच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, इतिहास उघडतच नाहीये हो. पुढच्या सोमवारी पेपर आहे माझा. माझ्याकडे दुसरं काहीच नाहीये." मी तिला "होईल" म्हणाले, आणि माझ्याच आवाजातली पोकळी मला ऐकू आली.

काकांनी उंबऱ्यातच नाक वर केलं. "पॉवर सप्लाय गेला. एकटा गेला असेल तर बरं. जाताना झटका देऊन दोन्ही डिस्क घेऊन गेला असेल, तर मात्र काही उरलं नाही." मग त्यांनी पेटीवरचं आच्छादन दोन बोटांनी उचललं. माझ्या जुन्या इरकलीचं, झालर लावलेलं. फ्रिजला, मिक्सरला शिवतो तसं, धुळीपासून जपावं म्हणून. पंख्याच्या जाळीवर जिथे ते बसत होतं, तिथे काळसर गोल उमटला होता.

"कुणी शिवलं हे?"

"मी."

"टीप सुरेख आहे," ते म्हणाले. "पण यंत्राचा गळा आवळलात."

मायेने केलेल्या गोष्टीचा इतका थंड घाम मला आधी कधी फुटला नव्हता.

काकांनी वायर काढली, लाटण्याने बटण दाबून आतली उरलीसुरली वीज निचरू दिली आणि समोर खुर्ची टाकून तब्बल अर्धा तास बसून राहिले. "वायर तर काढली ना?" मी अधीर होऊन विचारलं. "ते मला ठाऊक आहे. आतल्या विजेला कुणी कळवलंय?" पिशवीतून आणलेला नवा सप्लाय पेटीबाहेरच तपासायला त्यांनी माझ्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला, टोकं खरवडली, आणि हिरव्या-काळ्या तारांच्या जागा त्याने जोडून लाटण्याने बटण दाबलं. इवलासा पंखा फिरला, तशी ते दोन पावलं मागे सरले. मग पेटी उघडून प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी चिकटवली, चार स्क्रू काढले आणि जळका ठोकळा बाहेर ओढला. नवा बसवायला मात्र दोन हात लागणार होते. त्यांनी खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही व्हा माझा डावा हात."

मी तो गार, जड ठोकळा आत धरून उभी राहिले. पत्र्याची कड तळव्यात रुतत होती; प्रत्येक स्क्रूआधी ते पेचकसाचं टोक पत्र्याला हळूच लावून बघत, पण स्क्रू एकदाही घसरला नाही. "इतकी भीती वाटते, तर हे काम का करता?" मी विचारलं. ते स्क्रू पिळत म्हणाले, "आमच्या कारखान्यात न भिणारे दोघे होते." होते, एवढंच. मग त्यांनी पुढचा स्क्रू उचलला.

लाटणं पुढे झालं. आधी काहीच नाही. मग पंख्यांचा एकदम मोठा घोंगाट, तो हळूहळू ओसरला आणि त्याखालून डिस्क फिरू लागल्याची बारीक, रेशमी सळसळ वर आली. आधी एक, थोड्या वेळाने दुसरी. पडद्यावर पुस्तकांची यादी उमटली. मी इतिहासाचा पहिला धडा लावला. हयात नसलेल्या त्या दोघांपैकी एका वाचकाने घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. काकांनी चष्मा पुसला. मी ठाकुर्लीला फोन लावला.

गेल्या वर्षी काका लेकीकडे खडवलीला राहायला गेले. आता आवाजांची एक प्रत माझ्या घरी असते आणि पेटी उघडीच असते. रोज सकाळी मी आधी दाराशी थांबून हवा हुंगते. परीक्षा जवळ आल्या, तसा परवा मी त्यांना फोन केला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनी तो उचलला. आवाज क्षीण झाला होता. मागे कुठेतरी कोंबड्या कलकलत होत्या. "काका, तुम्ही इतके लांब," मी म्हणाले, "आता काही बिघडलं, तर मी एकटीने काय करायचं?"

त्यांचा शब्द आला, अगदी मऊ, आशीर्वाद द्यावा तसा.

"घाबरा."