मतदानापुरतं दार

मुलींच्या संडासाला दार नव्हतं. आत अलका होती, बाहेर मी गोणपाट धरून उभी होते, आणि तेवढ्यात निवडणूक कचेरीचे साहेब आमच्या मुख्याध्यापिका बाईंबरोबर तिथंच आले.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"दार," मी म्हटलं.

पुण्यात बिबवेवाडीच्या बाजूला महापालिकेच्या एका शाळेत मी शिपाई होते. शिक्षण चौथी. झाडणं, घंटा देणं, पाणी भरणं ही नेमून दिलेली कामं. गोणपाट धरणं हे कुणी नेमलेलं नव्हतं. जुनं दार पावसात कुजून पडलं होतं आणि नव्यासाठी बाईंचे अर्ज वर जाऊन बसले होते.

आमची शाळा सातवीपर्यंत. लहान मुली कशाही निभावून नेतात. मोठ्या पोरी दिवसभर पाणी पीत नसत, पोट दुखतं म्हणून घरी जात आणि एक दिवस यायच्याच बंद होत. सातवीत थोड्याच उरल्या होत्या, अलका त्यातली एक. आईबाप वऱ्हाडातून कामासाठी आलेले. कॉम्प्युटर कंपन्यांच्या बिल्डिंगा उठत होत्या, तिथं आई घमेली उचलायची. तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं, "मावशी, पोरगी मोठी झाली. दार लागलं तर सातवी करू देतो. नाही तर घरीच ठेवतो."

साहेब आले होते मतदान केंद्र पाहायला. विधानसभेचं मतदान आमच्या शाळेत व्हायचं होतं. बाईंनी दाराचा विषय काढला.

"आता आचारसंहिता आहे," साहेब म्हणाले. म्हणजे निवडणूक जाहीर झाली की सरकारला नवीन काम काढता येत नाही, मतदाराला भूल पडू नये म्हणून. "पण केंद्रावर लेडीज स्टाफ असणार. तेवढी सोय करू."

त्याच आठवड्यात शाळेशेजारच्या गल्लीत एका उमेदवाराची सभा झाली. त्या वर्षी जो तो शाळांवर बोलत होता. गरिबाचं पोरही कॉम्प्युटरवर बसलं पाहिजे, म्हणायचे. बाईंनी मला बजावलं, "मावशी, आपण पगारी माणसं. सभेत दिसलात तर दोघींनाही घरी बसावं लागेल." म्हणून मी अलकाच्या आईला पाठवलं आणि कंपाउंडच्या आतून ऐकत राहिले.

ती उभी राहिली. "साहेब, शाळेत पोरींच्या संडासले दार नाही. लावता का?"

लोक हसले. उमेदवार हसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "ताई, निवडून आलो की माझ्या निधीतलं पहिलं काम तुमच्या शाळेचं." टाळ्या पडल्या. शाळेचं म्हणाले, दाराचं नाही. मला ते खटकलं. अलकाची आई मात्र खूश होऊन घरी गेली.

मतदानाआधी दोन दिवस प्लायवूडचं दार आलं. नवी कडी, आत बल्ब. अलकानं आत जाऊन कडी लावली, काढली, परत लावली. मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याचा माणूस पाना घेऊन आला.

"अहो, दार कुठं नेता?"

"भाड्याचं आहे, मावशी. मतदानापुरतं."

"राहू द्या की. पोरी आहेत."

"साहेबांचा कागद आणा, कायमचं ठेवतो."

बाईंनी कचेरीत फोन लावला. साहेबांचं तिथलं काम संपलं होतं.

ते उमेदवार निवडून आले. आमदाराला आपल्या भागातल्या कामांसाठी दरवर्षी निधी मिळतो. काम कुठलं ते तो सुचवतो आणि झालेल्या कामावर त्याच्या नावाची पाटी लागते. त्या भरवशावर आईनं अलकाला शाळेत ठेवलं. पुन्हा मी आणि गोणपाट.

मग आमदारांचा कार्यकर्ता टेप घेऊन आला आणि सातवीचा वर्ग मोजू लागला. तिथं आमदारांच्या निधीतून कॉम्प्युटरची खोली होणार होती.

"आणि संडासाचं दार?" मी विचारलं.

"मावशी, साहेबांचं नाव काय संडासावर लिहू?"

"वस्तीतल्या संडासावर आधीच्या आमदारांचं लिहिलंय की. चांगलं ठळक."

"तिथं मतदार जातात," तो म्हणाला. "इथं कोण जातं?"

त्यानं चेष्टा केली नव्हती. हिशोब सांगितला होता.

अलकाच्या आईला मीच सांगितलं. ती चिडली नाही. "बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून अलका आली नाही. उन्हाळ्यात गावाकडं तिचं लग्न लावलं.

कॉम्प्युटर जूनमध्ये आले. त्या खोलीला लाकडी दार, वर लोखंडी जाळी. संडासाचं दार शेवटी बाईंनी पदरचे पैसे घालून बसवलं.

मी विचारलं, "हे आधीच का नाही केलंत?"

"सरकारचं काम आपण केलं की सरकार ते कायमचं आपल्यावर टाकतं, मावशी."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. हक्काच्या गोष्टीसाठी मोठ्या माणसांना वर्षानुवर्षं थांबता येतं. तेरा वर्षांच्या पोरीला थांबता येत नाही. तिचं लग्न होऊन जातं.