डोकं-शेपूट कापलेलं स्टिअरिंग

हेमंत राऊतचे किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. डहाणू रोड स्टेशनजवळ माझं मेडिकल आहे. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूससुद्धा "कळलं का हेमंतचं?" म्हणत एक किस्सा काउंटरवर ठेवून जातो. गोळ्यांची एक्स्पायरी उलटते, हेमंतचा स्टॉक काही संपत नाही! सध्याचा सगळा माल एकाच स्टिअरिंगवरचा आहे.

आमचा चौघांचा ग्रुप आहे. हेमंत बँकेत. जिग्नेशभाईंचं लॉज आहे, आणि त्या लॉजची वरची गळकी खोली, जी गिऱ्हाईकाला देता येत नाही, ती आमची. वनिता मॅडम तलासरीकडच्या एका शाळेत शिकवतात. चौथा मी. कॉम्प्युटरला स्टिअरिंग आणि पेडल जोडून आम्ही पडद्यावर शर्यतीच्या गाड्या पळवतो. याला व्हिडिओ गेम म्हटलेलं हेमंतला खपत नाही. "सिम रेसिंग म्हणायचं!" आमच्यात सगळ्यात हळू मी. माझ्याहून जेमतेम बरा हेमंत. पण यूट्यूबवर चॅनल त्याचं!

त्या चॅनलपायी मुंबईच्या एका डीलरनं त्याला फॉर्म्युला शर्यतीच्या गाडीत असतं तसं महागडं स्टिअरिंग तपासायला पाठवलं. व्हिडिओ पसंत पडला तर स्टिअरिंग तुमचंच, असं वर कबूल केलं. आता असा माणूस काय डोंबल तपासणार?

*

खोका आला त्या दिवशी हेमंत माझ्याकडून सर्जिकल ग्लोव्हज घेऊन गेला. मला वाटलं, घरात कोणाचं तरी ड्रेसिंग असेल. घरी जाऊन बघतो तर हा ग्लोव्हज घालून, कॅमेरा लावून खोका उघडतोय!

त्याचे वडील, अप्पा, रेल्वेतून मोटरमन म्हणून रिटायर झालेले. ते शेजारी पेपर वाचत होते.

"अप्पा, बघा तरी! गाडी चालवणाऱ्याचा अख्खा जीव यात असतो."

अप्पांनी चष्म्यावरून एकदा बघितलं. "मी जन्मभर गाडी चालवली. स्टिअरिंग एकदाही लागलं नाही."

हेमंतनं हा भाग व्हिडिओतून कापून टाकला. ऐकण्यासारखं तेवढंच होतं.

*

फॉर्म्युला गाडीचं स्टिअरिंग गोल नसतं. वरून सपाट, खालून सपाट, दोन्ही बाजूंना मुठी. हेमंत ते छातीशी धरून लॉजच्या जिन्यावरून वर निघाला होता. खाली धाकटी डहाणू गावची कोळीण हिराबाई किचनला पापलेट द्यायला आलेली.

"काय रं ते?"

"स्टिअरिंग आहे मावशी. साधं नाही, प्रीमियम!"

हिराबाईनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "वरून कापलंय, खालून कापलंय. डोकं-शेपूट काढून दिलंय, नि भाव अख्ख्याचा लावलाय? मी असं इकलं तर बाजारातून हाकलून देतील मला!"

जिग्नेशभाई आठवडाभर त्या स्टिअरिंगला पापलेटच म्हणत होते.

*

हेमंतच्या तपासणीला मार्क असतात. दहापैकी. पकड, बटणं, वजन, दिसणं, सगळ्याचा विचार करून शेवटी एक आकडा. मी सहज विचारलं, "किती देतोयस?"

"नऊ."

"अरे, अजून जोडलंसुद्धा नाहीस!"

"म्हणून तर नऊ. दहा दिले असते तर लोकांना संशय आला असता. निःपक्षपाती वाटायला नको का?"

मी ब्लडप्रेशरची गोळी घेतली. माझीच!

*

मग आला दसरा. आमच्याकडे दसऱ्याला स्कूटर, रिक्षा, पिठाची गिरणी, सगळ्यांची पूजा होते, तर स्टिअरिंगनं काय घोडं मारलंय? त्याला आमची हरकत नव्हती. हेमंतनं हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची चांगली जाडजूड माळ घातली. जिग्नेशभाईंना मोठ्या मानानं पाट देऊन समोर बसवलं. "आता शुभ मुहूर्तावर स्विच ऑन!"

या यंत्राची एक खोड आहे. चालू केलं की आधी ते स्वतःच जोरात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण फिरून घेतं, आपली हद्द तपासतं. खोक्यातल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय. पण पुस्तिका वाचली तर हेमंत कसला!

स्विच पडला. स्टिअरिंग गर्रकन फिरलं. हळद-कुंकू भिंतीवर, तबकातल्या अक्षता पंख्यापर्यंत, आणि माळ थेट जिग्नेशभाईंच्या गळ्यात!

जिग्नेशभाई अक्षता झटकत शांतपणे म्हणाले, "हेमंतभाई, एक वार तो लगन थई गयुं छे मारुं. बायकोला विचारून सांगतो."

हसून हसून आमचं पोट दुखलं. हेमंत मात्र टूथपिक घेऊन संध्याकाळपर्यंत बटणांच्या फटीतलं कुंकू टोकरत होता. सगळं निघालं नाही. हिरवं बटण तेव्हापासून चिकटतंच.

*

बटणांचं सांगायलाच हवं. या स्टिअरिंगला इतकी बटणं आहेत की गाडी चालवायची की हार्मोनियम वाजवायचा ते कळत नाही. त्यातलं ते हिरवं बटण दाबलं की कॉम्प्युटरमध्ये आधी साठवलेली शर्यत पडद्यावर आपोआप चालू होते, सिनेमासारखी. तुम्ही नुसतं बघायचं.

एकदा जिग्नेशभाई चालवायला बसले आणि ते बटण अंगठ्याखाली आलं. पडद्यावर गाडी निघाली, सुसाट गेली आणि भिंतीवर आपटली. जिग्नेशभाई घाबरून ओरडले, "मी काय केलं? मी काय केलं?"

"तुम्ही काही नाही केलंत," मी म्हणालो. "हेमंतची कालची शर्यत आहे."

त्या दिवशी हेमंत चहा न पिता गेला. पण दुसऱ्या दिवशी आम्हालाच सुनावलं, "बटणं ओळखता येत नाहीत त्यांनी प्रीमियम वस्तूला हात लावू नये!"

*

या स्टिअरिंगला गिअर बोटांनी टाकतात. मागे दोन पट्ट्या असतात, उजवी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा. हेमंतला त्याची इतकी सवय लागली की स्वतःची खरी गाडी घेऊन तलासरीला निघाला तेव्हा रस्ताभर स्टिअरिंगमागे बोटं ओढत गेला. आता साध्या गाडीत तिथे काय असतं? एका बाजूला वायपर, दुसऱ्या बाजूला इंडिकेटर!

नाक्यावर पोचेपर्यंत कडक उन्हात वायपर फटाफट चालू, इंडिकेटर उजवीकडचा, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये किंचाळतेय. हवालदारानं थांबवलं. काच खाली करायला लावून त्यानं आधी आभाळाकडे बघितलं, मग हेमंतकडे.

"साहेब, तुमच्या गाडीतच पडतोय का?"

*

आतापर्यंत मी हसत होतो. पण वनिता मॅडमचा विषय निघाला तेव्हा मात्र माझं टाळकं फिरलं.

आमच्यात सगळ्यात वेगवान वनिता मॅडम. त्यांचं स्टिअरिंग जुनं, घासून गुळगुळीत झालेलं. घरी आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला शिकंजा लावून बसवतात. शर्यतीतल्या पुलाच्या आधीच्या वळणावर ते टेबल दरवेळी थोडं सरकतं आणि पडद्यावरची गाडी एक हिसका खाते. तरी त्यांची वेळ आम्हाला कोणाला गाठता आलेली नाही. त्यांची एक शर्यत हेमंतनं आमच्या कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवली होती. कशाला? तर मॅडमना त्यांच्या चुका दाखवायला!

मॅडम रोज सकाळी नाक्यावर शेअर जीपची वाट बघतात. जीप भरलेली आली की मागे लटकून जातात, नाहीतर शाळेला उशीर. स्कूटीसाठी त्यांनी थोडं थोडं करून पैसे बाजूला ठेवलेले. हेमंत त्यांच्या मागे लागला, "मॅडम, स्कूटी पुढच्या वर्षी! त्या जुनाट स्टिअरिंगमुळे तुम्ही मागे राहताय. हे मॉडेल घ्या!"

मला इतका संताप आला! म्हटलं, मॅडमच्या मागे कोण आहे ते तरी बघ. तर वनिता मॅडमनीच मला थांबवलं. "असू द्या दादा. हेमंतसर, या स्टिअरिंगवर तुम्ही माझी वेळ गाठून दाखवा. गाठलीत तर मी स्कूटी राहू देते, हेच घेते. नाही गाठलीत तर तसं व्हिडिओत सांगा."

"मंजूर! रविवारी दुपारी. शेवटचा निकाल कॅमेऱ्यासमोर!"

रविवारी आम्ही सगळे वरच्या खोलीत. जिग्नेशभाईंनी चिकू आणले होते, पण हेमंतनं हात चिकट होतात म्हणून कोणाला खाऊ दिले नाहीत. कॅमेरा चालू झाला. हेमंतनं बोटं मोडली, दोन्ही मुठी आवळल्या. "आता बघा, मशीन आणि माणूस एक कसे होतात!"

गाडी निघाली. आणि काय निघाली! पहिलं वळण लोण्यासारखं. दुसरं त्याहून सुरेख. हेमंतला असं चालवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, खरंच की काय? मॅडमची स्कूटी गेली! वनिता मॅडम खुर्चीच्या टोकाला येऊन बघत होत्या, चेहरा पार उतरलेला.

पुलाच्या आधी गाडीनं एक हिसका खाल्ला.

"बघितलंत?" हेमंत कॅमेऱ्याकडे वळून ओरडला. "हा जो हिसका बसला ना, तो माझ्या हाताला कळला! रस्ता बोलतो हो हातात! जुन्या स्टिअरिंगवर असं काही जन्मात होणार नाही!"

वनिता मॅडम मागे टेकून बसल्या. त्यांनी ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. मग जिग्नेशभाईंसमोरच्या ताटलीतला एक चिकू उचलून सोलायला घेतला.

फेरी पूर्ण झाली. पडद्यावर वेळ आली. मॅडमच्या वेळेइतकी, अगदी तंतोतंत!

हेमंतच्या डोळ्यांत पाणी. "मॅडम, आता तरी पटलं? मित्रांनो, दहापैकी दहा! डोळे मिटून घ्या!" खुर्ची कॅमेऱ्याकडे वळवून त्यानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले, आणि छातीशी जोडले. "नमस्कार!"

त्याच्या मागे पडद्यावर गाडीनं पुढचं वळण सुरेख घेतलं, आणि ती निघून गेली.

वनिता मॅडमनी चिकूची बी ताटलीत ठेवली. "जिग्नेशभाई, तुमच्या ओळखीचा तो शोरूमवाला आहे ना? त्याच्याकडे लाल रंगात स्कूटी आहे का, जरा विचारा हं."