नारूचं ऑफिस

मुबश्शिरा आपांना मी पहिल्यांदा ‘नाही’ म्हणालो होतो. हकिकत सांगायची तर तिथूनच सांगायला हवी.

मी नांदेडचा निवृत्त शिक्षक, तरोड्याच्या बाजूला राहतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी वस्तीच्या शाळेत परिसराच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि लोकांकडून आठवणी मागवल्या. आपांचं चौकात लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. आपली आठवण त्या वहीच्या एका पानावर लिहून घेऊन आल्या. आज जिथे चार इमारतींची सोसायटी आहे, तिथे त्यांच्या लहानपणी नारू निर्मूलन पथकाचं सरकारी ऑफिस होतं, असं त्यात लिहिलं होतं. पिवळ्या भिंती, लांब व्हरांडा, व्हरांड्यात शिलाई मशीन. त्यांची अम्मी मलिका बी तिथे रोजंदारीवर पाणी गाळायचं कापड शिवायची. शाळा सुटली की आपा तिथेच जाऊन बसायच्या.

नारू आता कुणाला ठाऊक नाही. तळ्याचं, बारवेचं पाणी न गाळता प्यालं की वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. माणूस महिना महिना अंथरुणाला खिळायचा.

मी या भागात आलो चौऱ्याण्णव साली. तोवर तिथे मोकळं मैदान झालं होतं. जुन्या दोघा-चौघांना विचारलं, कुणालाच ऑफिस आठवेना. आपांचा धाकटा भाऊ अकरम तर म्हणाला की अम्मी घरीच शिवायची, ऑफिस-बिफिस काही नव्हतं. मी आपांना म्हणालो, पुराव्याशिवाय भिंतीवर लावता येणार नाही.

त्या रागावल्या नाहीत. “पुरावा म्हणजे काय काय चालतं सर?” एवढंच विचारलं. मी सांगितलं, कागद, नकाशा नाहीतर फोटो. त्यांनी ते तिन्ही शब्द हातातल्या मापाच्या वहीत लिहून घेतले.

मग त्यांचे मंगळवार सुरू झाले. मंगळवारी दुकान बंद. भूमी अभिलेखच्या नकाशात ती जागा नुसतीच सरकारी पडीक निघाली. जुने कागद ज्या ज्या कचेरीत असू शकतील तिथे त्या गेल्या; कुठे ‘नंतर या’, कुठे ‘साहेब रजेवर’. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर उत्तर आलं की अभिलेख उपलब्ध नाही. सातवीनंतर शाळा सुटलेली ही बाई, पण अपिलाचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. माझ्याकडून फक्त शुद्धलेखन तपासून घेतलं. तिकडूनही तेच उत्तर आलं.

तेव्हा मलिका बी बोलल्या. पंचाहत्तरीच्या, तब्येतीने ठणठणीत, पण जुनं उगाळायची सवय नाही. लेकीची वणवण बघून म्हणाल्या, “कागदाला काय विचारून राहिलीस? देगलूरच्या बसलिंगप्पाला विचार. गावोगाव गाळणं त्योच वाटायचा.”

आपा पुढच्या मंगळवारी एसटीने देगलूरला गेल्या. नुसत्या नावावर घर सापडायला दुपार झाली. बसलिंगप्पा ऐंशी पार केलेले, आरोग्य खात्यातून निवृत्त. दारात आपांनी अम्मीचं नाव सांगितलं, तसे ते उठून उभे राहिले आणि आत बायकोला कानडीत हाक मारून चहा टाकायला सांगितला.

त्यांच्या ट्रंकेत फोटो होता. ऑफिसची पायरी, वर पाटी, पाटीवरची अक्षरं स्वच्छ वाचता येणारी. साहेब लोक खुर्च्यांवर, मागे कर्मचारी, अगदी टोकाला पदर डोक्यावर घेतलेल्या मलिका बी. मागच्या बाजूला सगळ्यांची नावं होती. मलिका बींचं नव्हतं. तिथे ‘व इतर’ असं होतं.

आपांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. ते बघून बसलिंगप्पांनी आपली फिरतीची डायरी काढली. पहिली गाळणं म्हणजे नुसते चौकोनी तुकडे होते, ते सांगू लागले. बाया एका हाताने तुकडा धरून दुसऱ्या हाताने पाणी ओतायच्या, तुकडा घागरीत पडायचा. कंटाळून त्या तो वापरायचंच सोडून द्यायच्या. मलिका बींनी कडेने नेफा घालून त्यात नाडी ओवली. घागरीच्या तोंडाला बांधलं की काम झालं. डायरीत ११ मार्च १९८५ च्या पानावर बसलिंगप्पांच्याच अक्षरात होतं: ‘मलिका बी यांच्या सूचनेप्रमाणे नाडीचे गाळण तयार. बाया वापरतात.’

“त्या नाडीनं गावं वाचली, बाई,” ते म्हणाले. “आम्ही नुसते वाटणारे. फोटोमागं तिचं नाव न्हाई लिहिलं, ती चूक आमची.” त्यांनी पेन मागून घेतलं आणि ‘व इतर’च्या खाली लिहिलं: मलिका बी, शिलाई.

बसलिंगप्पांनी दिलेला तो फोटो आणि डायरीचं पान मी प्रदर्शनात दारासमोरच लावलं. शेजारी आपांनी तसंच एक गाळण शिवून पितळी घागरीला बांधून ठेवलं. मलिका बींना अकरम रिक्षातून घेऊन आला. फोटोसमोर उभा राहून तो येईल त्या प्रत्येकाला बोट दाखवून अम्मी कुठली ते सांगत होता.

मलिका बींनी फोटोकडे ओझरतं पाहिलं. त्यांची नजर गेली घागरीकडे. गाळण हातात घेऊन टाका तपासला आणि लेकीला म्हणाल्या, नेफा अरुंद झालाय, ओल्या हाताने नाडी ओढता येणार नाही. आपा तिथेच खुर्चीवर बसून उसवायला लागल्या. भोवती शाळेच्या मुली जमल्या. त्यातली साक्षी नावाची एक मुलगी म्हाताऱ्या बाईंना विचारू लागली की हे नाडीचं तुम्हाला कसं सुचलं.

मलिका बी जरा ताठ बसल्या. “सुचायला काय? मी बी घागरच भरायची की रोज.”

आपांची सुई थांबली होती. एवढ्या लोकांसमोर अम्मीला असं बोलताना त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.